एव्हिएशनच्या पदवीवर एटीपीचे ५०० तास वाचतात, पण कोणाचे?

ओहायोची_आई

मुलाने मे महिन्यात इथे अमेरिकेत एव्हिएशनची चार वर्षांची पदवी पूर्ण केली. कमर्शियल सर्टिफिकेट (पगारावर विमान उडवायचा परवाना), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी) आणि इन्स्ट्रक्टरचं रेटिंग सगळं झालंय. तास जमवायला तो आता एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो. ही पदवी असली की १५०० ऐवजी १००० उड्डाण-तासांवर एटीपी, म्हणजे एअरलाइनच्या वैमानिकाला लागणारं सर्टिफिकेट, मिळून सहवैमानिक होता येतं, असं आम्ही चार वर्षं ऐकत होतो. मागच्या महिन्यात त्याने कॉलेजकडे त्यासाठीचा दाखला मागितला, तर उत्तर आलं की तू या सवलतीत बसत नाहीस.

कारण वाचून मी दोन दिवस सुन्न होते. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत तो घरी होता. वेळ फुकट जायला नको म्हणून त्याने घराजवळच्या विमानतळावर एका इन्स्ट्रक्टरकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग पूर्ण केलं. शिक्षण उत्तम झालं, चेकराइड (उड्डाणाची प्रत्यक्ष परीक्षा) पहिल्याच वेळी पास झाला. आम्ही पेढे वाटले. पण ते ट्रेनिंग नियमावलीच्या पार्ट ६१ खाली, म्हणजे मंजूर अभ्यासक्रमाशिवाय इन्स्ट्रक्टरकडे शिकायच्या पद्धतीने, झालं होतं. कॉलेजच्या पार्ट १४१ च्या मंजूर अभ्यासक्रमात ते नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीने ५०० तासांची सवलत गेली. सुट्टीनंतर कॉलेजने ते रेटिंग नोंदवून घेतलं, पुढच्या कोर्सला बसवलं, पण याचा परिणाम काय होईल हे एकाही सल्लागाराने सांगितलं नाही.

आता तक्रार करून हाती काही लागणार नाही. पण ज्यांची मुलं आज पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून धागा काढला. मला नियम जसा समजला तसा लिहिते, चुकत असेन तर जाणकारांनी दुरुस्त करा.

अमेरिकेत प्रवासी एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये दोन्ही सीटवर एटीपी सर्टिफिकेट लागतं. पूर्ण एटीपीला वय २३ आणि १५०० तास. त्याच्याखाली 'रिस्ट्रिक्टेड एटीपी' नावाची पायरी आहे, वय २१. त्यावर फक्त सहवैमानिक म्हणून उडता येतं. सैन्यदलात वैमानिक झालेल्यांना त्यासाठी ७५० तास पुरतात. एव्हिएशन मेजरची चार वर्षांची पदवी आणि त्यात एव्हिएशनचे निदान ६० क्रेडिट असतील तर १००० तास. दोन वर्षांची असोसिएट पदवी असेल, किंवा चार वर्षांच्या पदवीत हे क्रेडिट ३० ते ५९ असतील, तर १२५०. हे सगळे एव्हिएशन नियमावलीच्या कलम ६१.१६० मध्ये आहे.

आमच्या डोक्यात फक्त '६० क्रेडिट आणि पदवी' होतं. याच कलमात पुढे लिहिलंय की कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट या दोन्हींचं ग्राउंड ट्रेनिंग त्याच कॉलेजच्या पार्ट १४१ अभ्यासक्रमात झालेलं हवं, आणि उड्डाणाचं ट्रेनिंग कॉलेजमध्ये किंवा कॉलेजशी करार असलेल्या पार्ट १४१ स्कूलमध्ये. ते आम्ही कधी वाचलंच नव्हतं.

उजवी_सीट

ताई, वाचून वाईट वाटलं. नियम तुम्ही बरोबर लिहिलाय. मी रिजनलला, म्हणजे छोट्या मार्गांच्या एअरलाइनला, फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, १००० तासांच्याच वाटेने आलो. आमच्या बॅचमध्ये दोघांचं नेमकं असंच झालं होतं.

दोन गोष्टी जोडतो. पहिली, कॉलेजकडे एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचं, 'लेटर ऑफ ऑथरायझेशन' असावं लागतं. नावात एव्हिएशन आहे, धावपट्टीवर कॉलेजच्या रंगाची विमानं उभी आहेत, यावरून काहीच ठरत नाही. पत्र आहे का, आणि कुठल्या पदवीसाठी आहे, हे बघायचं. एकाच कॉलेजात 'प्रोफेशनल फ्लाइट' या मेजरला ते असेल आणि 'एव्हिएशन मॅनेजमेंट'ला नसेल, किंवा मॅनेजमेंटवाल्याला १२५० चाच दाखला मिळेल, असं होतं.

दुसरी, प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट बाहेरून केलं तर या कलमात अडचण येत नाही. ते शाळेत असताना, कुठेही, पार्ट ६१ खालीसुद्धा चालतं. अडतं ते इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियलला. सुट्टीत मुलांचे हात शिवशिवतात हे खरं, पण त्या काळात विमान भाड्याने घेऊन नुसते तास वाढवा, रात्रीची उड्डाणं करा, लांबच्या फेऱ्या मारा. ही दोन रेटिंगं मात्र कॉलेजबाहेर करू नका.

पाऊलवाट

खूप उपयोगी धागा. माझी मुलगी यंदा बारावीला आहे, भारतातून तिकडे याच कोर्सला पाठवायचा विचार चाललाय. एक मूलभूत शंका. भारतात आणि युरोपात २०० तासांच्या आसपास कमर्शियल मिळतं, मग टाइप रेटिंग (त्या प्रकारच्या विमानाचं खास ट्रेनिंग) करून मुलं एअरबसच्या उजव्या सीटवर बसतात. तिथेही कॅप्टन व्हायला १५०० तासांचं एटीपीएल, म्हणजे तिकडचं एटीपी, लागतंच. मग अमेरिकेत सहवैमानिकालाही १५०० का? पूर्वीपासून असंच होतं का?

धावपट्टी_०९

नाही, पूर्वी इथेही सहवैमानिकाला कमर्शियल सर्टिफिकेट पुरायचं, म्हणजे साधारण २५० तास. नियम बदलला तो एका अपघातानंतर.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कॉलगन एअरची फ्लाइट ३४०७ नेवार्कहून बफेलोला जात होती. विमान बॉम्बार्डियर क्यू४००. बफेलोच्या अलीकडे क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर ते कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. त्यानंतर मृतांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला जात राहिले. खासदारांच्या दारात फोटो घेऊन उभे राहिले. १ ऑगस्ट २०१० ला कायदा झाला, त्यात एअरलाइनच्या प्रत्येक वैमानिकाला एटीपी सक्तीचं केलं. एफएएचा अंतिम नियम जुलै २०१३ मध्ये आला आणि रिस्ट्रिक्टेड एटीपी त्याच नियमातून आलं. विशिष्ट शैक्षणिक अभ्यासक्रमाबद्दल तासांत सूट द्यायची मुभा संसदेने कायद्यातच ठेवली होती. म्हणजे १००० तास ही पळवाट नाही. शिस्तीत दिलेलं शिक्षण काही तासांची जागा घेऊ शकतं, हे त्यात मान्य केलंय. ओहायोची_आई यांच्या मुलाला पार्ट १४१ ची अट नडली, ती याच विचारातून आली आहे. सूट त्या ठरावीक अभ्यासक्रमाला आहे, पदवीच्या कागदाला नाही.

गणिताचे_सर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. १५०० हा आकडा मला पटत नाही.

त्या विमानाच्या कॅप्टनकडे ३३७९ तास होते आणि फर्स्ट ऑफिसरकडे २२४४. दोघेही १५०० च्या कितीतरी पुढे. ज्या अपघातामुळे नियम आला, तो अपघात त्या नियमाने थांबला नसता. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीचा अहवाल वाचला तर कारण स्पष्ट आहे. वेग कमी होत गेला, दोघांच्याही लक्षात आला नाही. स्टिक शेकर, म्हणजे वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा, वाजला तेव्हा कॅप्टनने कंट्रोल पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला आणि विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल गेली. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त गप्पा मारायच्या नाहीत हा नियम मोडला होता. बर्फाळ हवेत उतरताना वेग कसा निवडायचा, याच्या कंपनीच्या कार्यपद्धती अपुऱ्या होत्या. अहवालातल्या कारणांत तासांचा तुटवडा कुठेही नाही.

मग २३ वर्षांच्या मुलाने त्याच विमानतळाभोवती त्याच चौकोनात आणखी ५०० तास घिरट्या घातल्या, तर तो नेमकं काय शिकतो? माझ्या पुतण्याने ११०० तास शिकवण्यात काढले. त्यातले बहुतेक निरभ्र आकाशातले.

उजवी_सीट

सर, तुम्ही ज्या फर्स्ट ऑफिसरचे तास सांगितलेत, तिचंच बोलणं कॉकपिट रेकॉर्डरवर आहे. अपघाताच्या काही मिनिटं आधी ती सांगत होती की या कंपनीत आले तेव्हा माझ्याकडे १६०० तास होते आणि ते सगळे फिनिक्सचे. बर्फ धरणारी हवा मी कधी बघितलीच नव्हती. ॲरिझोनाच्या वाळवंटात शिकवून जमवलेले तास घेऊन ती ईशान्येच्या हिवाळ्यात उडत होती. तो उतारा ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्गात कोणी बोललं नव्हतं. मी स्वतः फ्लोरिडात शिकवून आलो होतो.

म्हणून तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. तास मोजता येतात, ते कुठल्या हवेत गेले हे एकूण आकड्यात दिसत नाही. पण शिकवण्याच्या तासांत काही शिकायला मिळत नाही, हे मान्य नाही. मी ९०० तास शिकवलं. विद्यार्थी पहिल्यांदा एकट्याने उडायला जातो तेव्हा तुम्ही खाली गवतात उभे असता आणि त्याच्या प्रत्येक चुकीचा विचार तुम्ही आधीच करून ठेवलेला असतो. लँडिंगला विमान फूटभर वर असताना तो घाबरून नाक वर खेचतो आणि तुम्हाला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं, सांगायचं की हातात घ्यायचं. आज कॅप्टनशेजारी बसून दुसऱ्याच्या उड्डाणावर लक्ष ठेवणं हेच माझं अर्धं काम आहे. ते मी इन्स्ट्रक्टर असताना शिकलो.

आणि २०१३ च्या नियमात तासांपेक्षा मोलाची गोष्ट एटीपी-सीटीपी हा कोर्स आहे. लेखी परीक्षेला बसण्याआधीच तो करावा लागतो. ३० तास वर्गात, १० तास सिम्युलेटरवर. त्यात उंचीवरचं वायुगतिशास्त्र, स्टॉल, बर्फ, वादळं, दोघांनी मिळून काम कसं करायचं, हे सगळं येतं. बऱ्याच रिजनल कंपन्या नोकरीत घेतल्यावर तो आपल्या खर्चाने करून घेतात. शिवाय एअरलाइनच्या ट्रेनिंगमध्ये आता पूर्ण स्टॉलपर्यंत नेऊन त्यातून बाहेर काढायला लावतात. पूर्वी नुसता इशारा वाजेपर्यंतच सराव असायचा. कंट्रोल पुढे ढकलणं अंगवळणी पडतं ते तिथे.

धावपट्टी_०९

उजवी_सीट यांना अनुमोदन. त्याच अपघातातून आणखी दोन गोष्टी आल्या. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम, पार्ट ११७, जानेवारी २०१४ पासून लागू आहेत. ती फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्युटीवर आली होती. दुसरी, वैमानिकांच्या नोंदींचा केंद्रीय डेटाबेस. कॅप्टनच्या आधीच्या नापास चेकराइड कंपनीला पूर्ण माहीत नव्हत्या. सर, तुम्ही १५०० च्या आकड्याकडे एकटं बघता आहात. कायदा या सगळ्या गोष्टींचा मिळून झालाय, म्हणून त्यातला एकच आकडा काढून टाकायला नातेवाईक तयार नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नसतो.

गणिताचे_सर

हे मला माहीत नव्हतं, फिनिक्सचं तर अजिबातच नाही. पण मग नियमाने हवेचा प्रकार मोजावा, असं मी म्हणेन. एटीपीच्या अटींत 'इन्स्ट्रुमेंट'चे ७५ तास आहेत, पण त्यात डोळ्यांवर झापड लावून स्वच्छ हवेत केलेला सराव धरला जातो. खऱ्या ढगातले तास वेगळे मोजले तर कोणाचंच नुकसान नाही.

उजवी_सीट

याला माझा पूर्ण पाठिंबा. नियम बदलेल तेव्हा बदलेल. मुलांनी आजच आपल्या लॉगबुकमध्ये खऱ्या ढगातले तास जमवायचं मनावर घ्यावं. इन्स्ट्रुमेंट शिकवणारा इन्स्ट्रक्टर असाल आणि ढग खाली आलेत, पण वादळ नाही, बर्फ नाही, तर तो दिवस धडा रद्द करायचा नाही. विद्यार्थ्याला घेऊन जायचं.

पाऊलवाट

हा आकडा कमी होईल असं वाटतं का? मुलीचं शिक्षण संपायला अजून पाच वर्षं आहेत.

धावपट्टी_०९

त्यावर भरवसा ठेवून बेत आखू नका. २०२२ मध्ये एका रिजनल कंपनीने आपल्या ट्रेनिंग कार्यक्रमातल्या मुलांना सैन्याप्रमाणे ७५० तासांची सूट मागितली होती, एफएएने ती नाकारली. २०२३ मध्ये सिम्युलेटरचे तास १०० ऐवजी २५० पर्यंत धरावेत असा प्रस्ताव संसदेत आला, तोही टिकला नाही. मे २०२४ मध्ये एफएएचा नवा कायदा झाला, त्यात १५०० तसेच राहिले.

आणि भारतातून पाठवताय म्हणून एक कडू गोष्ट आधीच सांगतो. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची मुभा साधारण वर्षभराची असते. त्या वर्षात इन्स्ट्रक्टर म्हणून तास वाढतील, पण त्यानंतर एअरलाइनची नोकरी मिळायला कायम कामाचा हक्क लागतो. एच-१बी हा कामाचा व्हिसा या कामाला बसत नाही, कारण तिथे नोकरीची किमान अट म्हणून पदवी असावी लागते आणि वैमानिकाला कायद्याने पदवी लागत नाही. पदवीमुळे तास कमी होतात, कामाचा हक्क मिळत नाही. मुलीला शेवटी भारतात परतून डीजीसीएचं लायसन्स करून घ्यायचं असेल, तर हे ५०० तास वाचवणं तिच्या कामाचंच नाही. तिथे मुळात २०० तासांचं कमर्शियल पुरतं. चार वर्षांच्या अमेरिकन फीचा विचार त्या हिशोबाने करा. कोणी एजंट 'अमेरिकेत एअरलाइन पायलट' म्हणून विकत असेल तर त्याला हाच प्रश्न विचारा.

पाऊलवाट

धावपट्टी_०९, मनापासून आभार. हे आत्तापर्यंत तीन सल्लागारांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं आज रात्री पुन्हा बसून सगळं लिहून काढणार आहोत.

उजवी_सीट

पाऊलवाट, काहीही ठरवलंत तरी एक काम पैसे भरण्याआधी. पहिल्या वर्गाचं मेडिकल करून घ्या. आमच्याबरोबरच्या एका मुलाला तिसऱ्या वर्षी रंग ओळखण्याच्या चाचणीत अडचण आली. हुशार मुलगा होता. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर त्याने दुसरं काही निवडलं असतं.

ओहायोची_आई, तुमच्या मुलाकडे वळतो. त्याचे एकूण किती तास झालेत? त्याची वाट बंद नाही, लांबली आहे. त्याच ६१.१६० मध्ये शेवटी आणखी एक पोटकलम आहे. वय २१ पूर्ण आणि १५०० तास असतील तर कुठल्याही पदवीशिवाय रिस्ट्रिक्टेड एटीपी मिळतं, आणि त्यासाठी क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे लांबच्या फेऱ्यांचे, २०० तास पुरतात. पूर्ण एटीपीला ते ५०० लागतात. म्हणजे २३ व्या वर्षापर्यंत थांबायला नको आणि ३०० क्रॉस-कंट्री तासही वाचतात. सहवैमानिक म्हणून उडताना ते आपोआप भरतात. वय आणि तास पूर्ण झाले की निर्बंध निघतो, त्यासाठी पुन्हा चेकराइड नाही. कॅप्टन व्हायला मात्र एअरलाइनमधले निदान १००० तास लागतात, ते जवळपास सगळ्यांनाच.

ओहायोची_आई

६९० झालेत. वय बावीस. हे २०० तासांचं आम्हाला माहीत नव्हतं! तो ५०० च धरून बसला होता. त्याच्या वहीत क्रॉस-कंट्री १३१ आहेत. शिकवताना ते वाढतच नाहीत म्हणून तो सगळ्यात जास्त त्याचीच काळजी करतो.

उजवी_सीट

मग त्याला वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला सांगा. प्रायव्हेट आणि कमर्शियलसाठी क्रॉस-कंट्री म्हणजे ५० सागरी मैलांपलीकडे जाऊन तिथे उतरणं. एटीपीसाठी व्याख्या वेगळी आहे, उतरायची गरज नाही. निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांपलीकडे गेलं की पुरे. इन्स्ट्रुमेंट शिकवताना विद्यार्थ्याला घेऊन साठ मैलांवरच्या विमानतळावर अप्रोच (उतरण्यासाठी खाली येण्याचा सराव) केला आणि न उतरताच मागे फिरलात, तर ते उड्डाण एटीपीच्या खात्यात धरलं जातं. बहुतेक मुलं ते लिहीतच नाहीत, कारण कमर्शियलच्या वेळची सवय असते. नवा रकाना करायचा, 'एटीपी क्रॉस-कंट्री' नाव द्यायचं आणि जुन्या नोंदी नकाशावर अंतर मोजून भरायच्या. अंदाजे नको. मुलाखतीत लॉगबुक उघडतात आणि कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारतात.

रात्रीचे १०० तास आणि मल्टी-इंजिनचे ५० पण आत्ताच बघून ठेवा. मल्टीचे तास शेवटी राहिले की सगळ्यात महाग पडतात. मल्टी-इंजिन इन्स्ट्रक्टरचं रेटिंग केलं तर शिकवतानाच भरतात. आणि १२०० झाले, त्यात क्रॉस-कंट्रीचे ५०० भरले, की पार्ट १३५ च्या छोट्या कार्गो कंपन्यांत इन्स्ट्रुमेंट नियमांखाली कॅप्टन म्हणून घेतात. शेवटचे ३०० तास त्याने तिथे काढावेत असं मी म्हणेन. रात्री, पावसात, एकट्याने, वेळेवर पोचायचं दडपण. एअरलाइनमध्ये आल्यावर त्याला कळेल की ते तास किती कामी आले.

गणिताचे_सर

आता हा हवेचा प्रकार मोजणारा सल्ला झाला. पुतण्यालाही पाठवतो.

ओहायोची_आई

काल रात्री जेवणानंतर आम्ही दोघं टेबलावर वही आणि नकाशा घेऊन बसलो. तो विमानतळांची नावं वाचत होता, मी अंतरं लिहून घेत होते. बारा वाजेपर्यंत बसलो. अशी २३ उड्डाणं सापडली, ४४ तास. म्हणजे १३१ चे १७५ झाले. दोन उड्डाणं ४९ मैलांची निघाली, ती त्याने स्वतःच खोडली.

कार्गोचं वाचून तो लगेच काही बोलला नाही. आज सकाळी निघताना म्हणाला, मल्टी-इंजिन इन्स्ट्रक्टरसाठी तारीख घेतोय. कॉलेजलाही त्याने पत्र लिहिलंय, पहिल्या वर्षाच्या मुलांना याच सेमिस्टरमध्ये ६१.१६० चं कलम छापून द्या म्हणून. मला वाटतं ते त्याने माझ्याआधी ठरवलं होतं. उत्तर आलं की इथे लिहीन.